पहिलीतील निव्वळ प्रवेशदर (मुलगे)
अधिकृत प्रवेशवयाचे जे मुलगे त्या वर्षी पहिलीत प्रथमच दाखल होतात, त्यांचे त्याच वयाच्या सर्व मुलग्यांशी असलेले शेकडा प्रमाण. देशोदेशींची तुलना करताना प्रत्येक देशाचे स्वतःचे प्रवेशवय धरतात: भारतात ६, फिनलंडमध्ये ७. स्थूल प्रवेशदरात कोणत्याही वयाचे नवे विद्यार्थी मोजले जात असल्याने तो शंभराच्या वर जाऊ शकतो. निव्वळ दरात उशिरा आलेला मुलगा गळतो, तसाच लवकर आलेलाही. त्यामुळे कमी दर म्हणजे शाळाच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते.

खरी अडचण वयाच्या नोंदीची. हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यासारख्या मराठवाड्यातील गावांत जुन्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. जन्मदाखला नसल्याने गुरुजींनी अंदाजाने ती दाखलखारिजात लिहिली. अशा नोंदींत प्रत्येक मूल कागदोपत्री वेळेवरच शाळेत आलेले दिसते. आता जन्मदाखला सहज मिळतो आणि ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला जूनमध्ये पहिलीत घेतात.

प्रवेशदर उपस्थितीबद्दल काहीच सांगत नाही. जूनमध्ये पटावर आलेला ऊसतोड मजुराचा मुलगा दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जातो. तरी आकडेवारीत तो वेळेवर दाखल झालेलाच राहतो. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहे चालवली गेली आहेत.