उत्तरेकडे तोंड केलेलं मैदान

तिरंदाजीच्या मैदानाला प्रेक्षकांसाठी पायऱ्या नसल्या तरी चालतं. दिशा मात्र चुकून चालत नाही. आपल्याकडे ते दक्षिणोत्तर आखायचं आणि टार्गेट उत्तरेला लावायचं, असा नियमच आहे. त्यामुळे नेम धरताना ऊन डोळ्यांवर येत नाही.

या मैदानाचं मूळ मातीच्या ढिगाऱ्यात आहे. 1363 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने सणासुदीला आणि सुटीच्या दिवशी धनुष्यबाणाचा सराव सक्तीचा केला. गावोगाव त्यासाठी मातीचे उंचवटे असत. पुढे लढाईतून धनुष्य गेलं, खेळ राहिला. 1931 मध्ये तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूव शहरात त्याची जागतिक संघटना स्थापन झाली आणि नियमांना एकसारखेपणा आला. आज टार्गेटचा मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर असतो आणि टार्गेट किंचित मागे कललेलं असतं. त्यामागे मोकळं रान किंवा भक्कम बांध हवा. माझ्या मते मैदानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कारण चुकलेला बाण तिथेच जातो.

रिकर्व्ह धनुष्याचं अंतर 70 मीटर, कंपाउंडचं 50. कंपाउंडचा जन्म अगदी अलीकडचा. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस ॲलन याने 1966 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याने धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. दोरी पूर्ण ओढली की हातावरचा ताण एकदम उतरतो आणि नेम निवांत धरता येतो. पण म्हणून काम सोपं होत नाही. 50 मीटरवरून दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं.

मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने अंतिम फेरीत जगातला अव्वल तिरंदाज माइक श्लोसर याला 149-148 असं हरवलं. पंधरा बाणांपैकी चौदा त्या दहाच्या वर्तुळात, एकच नऊवर! त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेसह त्याने सांघिक सुवर्णही आणलं. घाटावरच्या आमच्या गावाचं नाव या खेळात जगभर पोचलं, याचा अभिमान शब्दांत मावत नाही.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळला जाईल. जिल्ह्यातल्या ज्या शाळांकडे मोकळी जागा आहे, त्यांनी जाणकार प्रशिक्षकाला बोलावून एक दक्षिणोत्तर पट्टी आखून घ्यावी, आणि आधी मागचा बांध घालावा.