रॉ प्रतिमा संस्करण

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाने नोंदवलेल्या मूळ प्रकाशमूल्यांपासून संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने छायाचित्र तयार करण्याची पद्धती.

बहुतेक संवेदकांवर ब्राइस बायर यांनी ईस्टमन कोडॅक कंपनीत विकसित केलेली रंगगाळण्यांची जाळी असते. तिचे अमेरिकी पेटंट १९७६ मध्ये मिळाले. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या, तर प्रत्येकी पाव तांबड्या व निळ्या असतात (पहा : प्रतिमा संवेदक). संवेदकाची मूळ नोंद साठवणाऱ्या रॉ फाइलींची रचना कॅमेरा-उत्पादकानुसार वेगळी असते. त्या वाचणारी डेव्ह कॉफिन यांची डीसीरॉ ही आज्ञावली १९९७ मध्ये आली. अडोबी कंपनीने कॅमेरा रॉ २००३ मध्ये, डीएनजी हे खुले फाइल-स्वरूप २००४ मध्ये व लाइटरूम २००७ मध्ये उपलब्ध केले. डार्कटेबल व रॉथेरपी या मुक्त आज्ञावल्याही प्रचलित आहेत.

रंगगाळण्यांच्या जाळीमुळे प्रत्येक चित्रबिंदूवर एकाच रंगाचे मूल्य नोंदले जाते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंतर्वेशनाने काढतात. त्याशिवाय श्वेत संतुलन, उजळपणा, उजळ-गडद भागांतील भेद (कॉन्ट्रास्ट), प्रतिमेतील गोंगाट (नॉइज) कमी करणे, भिंगदोष-निवारण व रेखीवपणा हे संस्कार करतात (पहा : वर्णव्यवस्थापन). १४ बिटांच्या रॉ फाइलीत प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पातळ्या शक्य असतात. ८ बिटांच्या जेपेग फाइलीत प्रत्येक रंगाला २५६ असतात. त्यामुळे रॉ फाइलीतून छायेतील व उजळ भागांतील तपशील अधिक प्रमाणात परत मिळवता येतो. मात्र संवेदक संपृक्त झालेल्या भागातील तपशील मिळत नाही.

बदलांच्या सूचना सामान्यतः स्वतंत्रपणे साठवल्या जात असल्याने मूळ नोंद अबाधित राहते व तिच्यावर पुन्हा संस्करण करता येते. वृत्तछायाचित्रण, खगोलीय छायाचित्रण आणि हस्तलिखितांचे डिजिटलीकरण यांत ही पद्धती वापरतात (पहा : छायाचित्रण, जेपेग).