नेरळ–माथेरान रेल्वे

नेरळ–माथेरान रेल्वे ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अरुंदमापी डोंगरी रेल्वे आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई–कर्जत मार्गावरील नेरळ स्थानकातून निघून ती सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरान या थंड हवेच्या ठिकाणी पोहोचते. मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर असून दोन रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी 'मिनी ट्रेन', 'माथेरानची राणी' आणि 'टॉय ट्रेन' अशा नावांनी ओळखली जाते. यांतील शेवटचे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. आकाराने लहान असली तरी ही गाडी खेळण्यासाठी नव्हे, वाहतुकीसाठी बांधली गेली.

इतिहास

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पाहिला आणि त्यानंतर तेथे वसाहत वाढू लागली. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, अशी या नावाची व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे तेथे वारंवार जाणे होई. डोंगरावर सुलभपणे पोहोचता यावे या हेतूने त्यांनी रेल्वेसाठी भांडवल पुरवले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात मार्ग बांधून घेतला. खर्च सुमारे १६ लाख रुपये झाला. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. बार्शी लाइट रेल्वेचे कर्तेही तेच. खासगी भांडवलावर उभी राहिलेली ही रेल्वे आज मध्य रेल्वेचा भाग आहे.

मार्ग

नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात व माथेरान येथे मार्ग संपतो. सर्वांत तीव्र चढ १:२० आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. पुणे–मुंबई प्रवासात बोरघाट ओलांडणाऱ्यांना तुलनेने याची कल्पना येईल. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या त्या घाटाचा कमाल चढ १:३७ आहे आणि तेवढ्यासाठीही कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात.

चढ आटोक्यात ठेवण्यासाठी मार्ग डोंगराच्या अंगाने सतत वळत जातो. घोड्याच्या नालेच्या आकाराची वळणे हे त्याचे वैशिष्ट्य असून एकाच दरीकडे प्रवासी दोन वेगवेगळ्या उंचींवरून पाहतो. मार्गात एकच बोगदा आहे आणि तो इतका आखूड आहे की 'वन किस टनेल' हे थट्टेचे नाव त्याला कायमचे चिकटले. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर असल्याने संपूर्ण प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. मुळात गजाला ३० पौंड वजनाचे रूळ होते, पुढे त्यांच्या जागी ४२ पौंडी रूळ आले.

इंजिने

सुरुवातीची चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल या कंपनीने बांधली. त्यांना पुढे ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले. तीन आसांचे इंजिन तीव्र वळणावर अडते, कारण त्याच्या आस एकमेकींना समांतर राहू पाहतात. यावर क्लीन–लिंडनर रचनेचा उपाय योजण्यात आला. पहिली आणि तिसरी आस दुहेरी असे. आतली भरीव आस सांगाड्यात स्थिर राही व दांड्यांच्या साहाय्याने फिरे, तर चाके बाहेरच्या पोकळ आसेवर बसवलेली असत. दोन्ही आस मध्यभागी गोलाकार सांध्याने जोडलेल्या असल्यामुळे पोकळ आस किंचित तिरपी होऊन वळणाप्रमाणे फिरू शके. परिणामी तिन्ही आसांना शक्ती मिळे आणि इंजिन वळतही असे. या रेल्वेची खरी तांत्रिक ओळख हीच आहे. प्रवासवर्णनांत मात्र बोगद्याच्या नावाला तिच्याहून अधिक जागा मिळते.

१९५० च्या दशकात जर्मनीच्याच आर्नोल्ड युंग कंपनीची डिझेल इंजिने येऊ लागली आणि १९८२ पर्यंत जुन्या इंजिनांची नियमित सेवा संपली. क्रमांक ७३९ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. क्रमांक ७४० ब्रिटनमध्ये, लेटन बझर्ड येथील स्वयंसेवकांच्या दोन फुटी रेल्वेवर पोहोचले. नंतरच्या काळात दार्जिलिंग रेल्वेचे 'बी' वर्गातील ७९४ क्रमांकाचे वाफेचे इंजिन नेरळला आणण्यात आले. ते दोन आसांचे असून त्याचे पाणी बाष्पकाच्या पाठीवर खोगिरासारख्या टाकीत असते. नेरळला दिसणारे वाफेचे प्रत्येक इंजिन माथेरानचेच, असे मानणे म्हणूनच योग्य नाही. 'बी' वर्गाची बांधणी १८८९ पासूनची व ती दार्जिलिंगच्या गरजांसाठीची. माथेरानच्या वळणांसाठी घडवलेली लवचीक आस त्यात नाही.

वाफेचे इंजिन चालू ठेवणे डिझेलपेक्षा फार कष्टाचे असते. बाष्पक सावकाश तापवावे लागते, घाई केल्यास धातू असमान प्रसरण पावतो आणि सांधे गळू लागतात. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधीपासून माणसे कामाला लागतात. नळ्या साफ करणे, राख काढणे, पाण्याची पातळी सतत राखणे, बाष्पकाची ठरावीक मुदतीने तपासणी करणे ही कामे कारखान्यात सुटे भाग मिळून होत नाहीत. ती जाणणारा कारागीर निवृत्त झाला की इंजिन शाबूत असूनही थांबते.

उतार, ब्रेक आणि अपघात

डोंगरी रेल्वेत चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे. येथे डब्यांवर ब्रेक लावणारे कर्मचारी नेमलेले असत व चालकाच्या शिटीच्या संकेतांनुसार ते हाताने ब्रेक आवळत किंवा सैल करत. मे २०१६ मध्ये गाडी रुळांवरून घसरण्याच्या घटना लागोपाठ घडल्यावर सेवा थांबवण्यात आली. डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवणे आणि दरीच्या बाजूला संरक्षक कठडे उभारणे ही कामे त्यानंतर हाती घेण्यात आली. अमन लॉज–माथेरान सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि संपूर्ण मार्ग जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला.

पाऊस हा या मार्गाचा कायमचा प्रतिस्पर्धी आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली व तो २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा रूळ वाहून गेले. त्यानंतरच्या दुरुस्तीत काँक्रीटचे स्लीपर टाकण्यात आले, जाळीत दगड भरून आधारभिंती उभारल्या गेल्या आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी सुटली. दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ–अमन लॉज टप्पा बंद असतो. अमन लॉज–माथेरान हा सुमारे तीन किलोमीटरचा टप्पा मात्र पावसातही चालवला जातो.

जतनाचा प्रश्न

ब्रिटनमध्ये वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि तेथे अशा रेल्वेंची परंपरा रूढ झाली. या रेल्वेंपुढे प्रामुख्याने जुन्याचे मूळ रूप राखण्याचा प्रश्न असतो. माथेरानची रेल्वे सरकारी आहे आणि ती अजूनही लोकांच्या येण्याजाण्याचे साधन आहे. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी असून गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून रेल्वेने जाता येते. ही बंदी रेल्वेच्या टिकण्याचे मोठे कारण आहे. कॅल्थ्रॉप यांचीच बार्शी रेल्वे सपाटीवर असल्याने ब्रॉडगेज झाली. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' बंद पडली. माथेरानच्या डोंगरात मात्र ब्रॉडगेज शक्य नव्हते आणि वर मोटारही आली नाही.

स्लीपर, ब्रेक, रूळ व इंजिने बदलल्यावर वारसा उरतो काय, असा आक्षेप रेल्वेप्रेमींकडून घेतला जातो. येथील आखणी, चढ आणि वळणे १९०७ चीच आहेत आणि लाकडी स्लीपरांच्या आग्रहापायी मार्ग बंद ठेवणे परवडणारे नाही, हेही तितकेच खरे. तथापि मूळच्या इंजिनांपैकी एखादे तरी क्लीन–लिंडनर आसेसह चालते करणे, ही मागणी त्यामुळे गैरलागू ठरत नाही.

दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–शिमला (२००८) या डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्याच नोंदीचा विस्तार म्हणून माथेरानच्या रेल्वेचे नाव भारताच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट आहे.