दहा जानेवारीचा दिनविशेष

आमच्या रिठदला शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहितात. न्यूटन येतो, एडिसन येतो, देवीची लस देणारा जेन्नर येतो. १० जानेवारीला बहुधा जागतिक हिंदी दिवस असतो. त्याला आमची हरकत नाही. पण याच तारखेला, १८९७ साली, मुंबईत जे घडले ते आपल्या मुलांना ठाऊक नाही आणि खरे तर मोठ्यांनाही नाही.

दादीच्या तोंडी 'पिलेग' हा शब्द असे. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याच्या गोष्टी तिने तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या. उंदीर पडले की माणसे पडत. मुंबईत हा रोग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याकडील डॉक्टरांनी ओळखला. पुढच्याच महिन्यात वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचे हे यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ पासून हिंदुस्थानात फिरणारे. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह, तीनेक महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली. रोगजंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि ते मेलेले जंतू टोचायचे, अशी ती रीत. ती पहिल्यांदा टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःलाच टोचून घेतली, तीही पुढे लोकांना देत त्याच्या चौपट मात्रेने. ताप आला, अंग दुखले, माणूस तगला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

लस तयार झाली, पण घेणार कोण? सरकारची माणसे घरात घुसून आजारी माणसाला ओढून नेत. बायकांच्या पडद्याचा मुलाहिजा नसे. इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या जुलाहा मोहल्ल्यातून एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. या विणकरांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. ज्या सरकारने कधी विचारपूस केली नाही ते एकाएकी दार ठोठावू लागले, तर कुणालाही संशय येईल. पुण्यात रँडचा खून याच जुलुमातून झाला होता.

अशा वेळी तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शहा, पुढे आले. वय जेमतेम विशीचे. त्यांनी आपले 'खुश्रू लॉज' हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिले आणि आपल्या जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. मग खोजा इस्माइली हजारोंनी रांगेत आले. जे काम सरकारी हुकमाने झाले नाही ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने झाले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

स्वतः हाफकिन यांच्या वाट्याला काय आले? १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडताना गावातच घाण शिरली असावी, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉससह अनेक शास्त्रज्ञांना त्यासाठी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहावे लागले.

आम्ही हे सारे उकरून काढतो, कारण पोलिओच्या डोसाच्या वेळी आमच्याही मोहल्ल्यात दारे लागली होती. पुढे मूलच होणार नाही, अशी कुजबुज होती. पोलिओचा डोस परळच्या त्याच आवारातही तयार होत असे, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नाही. २०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हाही तीच कुजबुज. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गाने ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत बाही वर केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुना गेल्या, मग शेजारीण गेली.

यंदा फळ्यावर आम्ही हाफकिन यांचे नाव लिहून पाहिले. 'वॉल्डेमार' लिहिताना खडू दोनदा तुटला. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "सर, त्यांना दुखलं नाही का?"

दुखले होते, आम्ही सांगितले. तापही आला होता.