एकच इंग्रजी शब्द, दोन उलट अर्थ: मेसेज पाठवण्याआधी हे बघा

काही इंग्रजी शब्दांचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट असतात. त्यांना ‘कॉन्ट्रोनिम’ म्हणतात.

टेबल: ब्रिटिश इंग्रजीत विषय चर्चेला घेणे, अमेरिकन इंग्रजीत तोच बाजूला ठेवणे. अमेरिकेतल्या टीमने एक बग ‘टेबल’ केला, तेव्हा मी रात्रभर जागून तयारी केली. त्यांनी तो पुढे ढकलला होता!

सँक्शन: लोनला मंजुरी, पण एखाद्या देशावर निर्बंध.

ओव्हरसाइट: देखरेख किंवा नजरचूक.

उपाय सोपा आहे. ‘टेबल’ऐवजी ‘डिस्कस टुडे’ किंवा ‘पोस्टपोन’, ‘सँक्शन’ऐवजी ‘अप्रूव्ह’ किंवा ‘बॅन’, ‘ओव्हरसाइट’ऐवजी ‘सुपरव्हिजन’ किंवा ‘मिस्टेक’ लिहा. ट्रान्सलेट ॲपलाही एकटा शब्द देऊ नका, अख्खं वाक्य द्या. समोरच्याने असा शब्द वापरला, तर अंदाज बांधू नका, सरळ विचारा.