रांजणातला डास आणि पुण्यातल्या पेशी

2006 साली मी कन्नड तालुक्यात हिवताप कर्मचारी होतो. हातात टॉर्च, पिशवीत अळ्या मारणाऱ्या टेमिफॉसची बाटली, आणि घरोघरचे रांजण, टाक्या, हौद. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवल्याशिवाय घर चालत नाही. एडिस इजिप्ती हा डास नेमका त्याच साठवणीवर जगतो.

त्या वर्षी चिकनगुनियाच्या साथीत माणसं भिंत धरून चालत होती. तरण्या पोरांना सकाळी घागर उचलवत नव्हती. फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू झालेला, त्यामुळे ‘चिकनगुनिया’ ऐकून कित्येकांनी कोंबडी सोडली. नाव मात्र आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतलं, माणसाला वाकवणारा अशा अर्थाचं. 1952-53 मध्ये टांगानिकात हा ताप ओळखला गेला. 1973 मध्ये तो आपल्या बार्शीतही येऊन गेला होता. आम्हाला प्रशिक्षणात ते कुणी सांगितलं नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते.

एका घरी रांजणात टॉर्च मारून मी वळवळणाऱ्या अळ्या दाखवत होतो. बोटं आखडलेल्या आजींनी विचारलं, “बाबा, एवढं विष त्या डासाच्या अंगात, मग त्याला कसा ताप येत नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. निवृत्तीनंतर वाचत गेलो, तेव्हा धागा पुण्यात सापडला.

रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथे के. आर. पी. सिंग यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. दोन जातींच्या: एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस. 1967 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. पुढे डेंग्यूचा विषाणू घातल्यावर अल्बोपिक्टसच्या पेशी त्याने उद्ध्वस्त झाल्या, इजिप्तीच्या तशा झाल्या नाहीत. रक्ताच्या नमुन्यातून डेंग्यू शोधायला अल्बोपिक्टसच्या पेशी कामी आल्या. 1978 मध्ये जपानच्या अकिरा इगाराशींनी त्यांतूनच सी-6/36 हा वाण निवडला. जगभरच्या प्रयोगशाळांत तो आजही वाढवतात. त्याचं मूळ पुण्यातलं, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

सी-6/36 च्या पेशी विषाणूला एवढ्या सहज बळी का पडतात, हे 2010 मध्ये कळलं. डासाला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. त्याच्याकडे एक कात्री असते. विषाणू स्वतःच्या नकला काढताना दुपदरी आरएनए तयार होतो. डायसर-2 नावाचं प्रथिन तो पकडून साधारण 21 अक्षरांचे तुकडे करतं, आणि ते तुकडे खुणेसारखे वापरून पेशी विषाणूचा बाकीचा आरएनए शोधून तोडते. सी-6/36 मध्ये ही कात्रीच बिघडलेली आहे. बिघाड त्या वाणातला. जिवंत अल्बोपिक्टसमध्ये ती शाबूत असते.

म्हणजे आजी, डास लढतो. विषाणू मरत नाही, पण आवरला जातो. डास उडत राहतो आणि विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोहोचतो.

ही झुंज जातीगणिक वेगळी. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस चिकनगुनिया सहसा पसरवत नाही, पण त्याच विषाणूचा भाऊबंद ओन्योंग-न्योंग आफ्रिकेत पसरवतो. 2004 मध्ये अ‍ॅनोफिलिस गॅम्बीमधलं या कात्रीच्या जोडीचं प्रथिन बंद केल्यावर तो विषाणू अंगभर फैलावला. अर्थात सगळं प्रतिकारावर नसतं; आतड्याच्या पेशीत शिरकाव व्हावा लागतो. रियुनियन बेटावर चिकनगुनियाच्या विषाणूच्या आवरणात एक अक्षर बदललं आणि अल्बोपिक्टसच्या आतड्याचं दार त्याला सताड उघडलं. 2007 मध्ये केरळात हाच बदल झालेला विषाणू होता. 2006 मध्ये आमच्याकडे आला तो न बदललेला. त्याला रांजणातला इजिप्ती पुरेसा होता.

आजींना हे सांगायला गेलो. त्या राहिल्या नव्हत्या. सुनेने रांजण घासून उन्हात उपडा घातला होता. मी ओसरीवर बसून तिला सांगितलं.