‘नेरळ’ या शब्दाचा यंत्रांतर्गत प्रवास : वेब-फ्रेमवर्कच्या अंतर्रचनेचा ऐतिहासिक विचार

संकेतस्थळाच्या पडद्यामागील कामे सुकर करणाऱ्या ज्या तयार चौकटींना आपण फ्रेमवर्क म्हणतो, त्यांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा केवळ वापराच्या अंगाने होतो. कोणती आज्ञा लिहिली असता कोणते फळ मिळते, एवढे विद्यार्थ्यास ठाऊक असते. ते फळ का मिळते, आणि एखादे वेळी भलतेच का मिळते, या प्रश्नांपाशी तो अडतो. आमच्या मते या अडचणीचे कारण केवळ तांत्रिक नाही. फ्रेमवर्क ही एका बैठकीत रचलेली वस्तू नव्हे. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांपोटी बसविलेले थर तीत एकावर एक साचलेले आहेत. म्हणून तिची अंतर्रचना समजून घ्यावयाची तर उत्खननाची पद्धत अधिक उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात पायथन भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क उदाहरणादाखल घेतले असून, एकच मराठी शब्द त्याच्या थरांतून पाठवून प्रत्येक थरात त्याचे काय होते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्द निवडला आहे ‘नेरळ’. मुंबई-पुणे लोहमार्गावरील या स्थानकात १९०७ पासून दोन रुंदींचे रूळ एकत्र येतात : मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटरचे, आणि आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने बांधलेल्या माथेरान मार्गाचे ६१० मिलिमीटरचे. एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जात नाही. माणसांना उतरावे लागते आणि माल हलवावा लागतो. आपल्या विषयाशी हे साम्य सोयीचे आहे खरे, परंतु निवडीचे मुख्य कारण भाषिक आहे. या तीन अक्षरी नावात एक मात्रा आहे आणि एक ‘ळ’ आहे. या दोहोंचीच पुढे परीक्षा होते.

वाचकाने पत्त्याच्या पट्टीत हा शब्द लिहिला म्हणजे प्रथम त्याचे संख्यांत रूपांतर होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा जो विभाग आहे, त्याची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तीनुसार ‘नेरळ’ची चार चिन्हे होतात : न, एकाराची मात्रा, र आणि ळ. मात्रेस येथे स्वतंत्र क्रमांक आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात; म्हणजे आपला शब्द १२ बाइटांचा झाला. परंतु जालावरील पत्त्यात रोमन वर्णमालेबाहेरची चिन्हे सरळ लिहिता येत नाहीत. म्हणून प्रत्येक बाइट शतमान-चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. बारा त्रिक छत्तीस. तीन अक्षरांचा नेरळ गाव छत्तीस चिन्हांचे ओझे घेऊन तारेवरून निघतो.

आता सर्व्हरकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत जाल उभारले तेव्हा विनंती एका ओळीची असे, आणि उत्तर म्हणजे बहुधा आधीच लिहून ठेवलेले पान असे. मागणी आल्यावर पान नव्याने तयार करावयाचे, या गरजेतून इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरसाठी १९९३ मध्ये सीजीआय हा संकेत ठरला. तो फार साधा होता. विनंती आली की सर्व्हरने एक नवा प्रोग्राम सुरू करावयाचा, विनंतीचा तपशील काही ठरावीक नावांच्या चलांत भरून त्याच्या हाती द्यावयाचा, आणि प्रोग्राम जे छापील ते वाचकाकडे पाठवून तो प्रोग्राम संपवावयाचा. दर विनंतीस नवा प्रोग्राम म्हणजे दर प्रवाशासाठी नवे इंजिन पेटविण्यासारखे होते. ही उधळपट्टी लवकरच असह्य झाली, आणि १९९६ च्या सुमारास फास्टसीजीआय व मॉड-पर्ल यांसारखे उपाय निघून प्रोग्राम सतत जागा ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

पायथनच्या जगात मात्र निराळीच गुंतागुंत होती. तेथे फ्रेमवर्क अनेक, सर्व्हरही अनेक, आणि कोणाचे कोणाशी जुळेल याचा भरवसा नाही, अशी स्थिती होती. फिलिप एबी यांनी डिसेंबर २००३ मध्ये मांडलेला डब्ल्यूएसजीआय हा संकेत तीवरील तोडगा होय. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : फ्रेमवर्क म्हणजे सर्व्हरने हाक मारावयाचे एक फंक्शन, त्यास विनंतीच्या तपशिलाचा एक कोश आणि उत्तराचा आरंभ करण्याचे एक साधन, अशा दोनच वस्तू मिळतात. जँगोचा सर्व पसारा अखेर या एका फंक्शनात सामावतो.

हा कोश उघडून पाहिला असता इतिहासाच्या अभ्यासकास आनंद व्हावा असे काही आढळते. त्यातील ‘रिक्वेस्ट मेथड’, ‘पाथ इन्फो’, ‘क्वेरी स्ट्रिंग’ ही नावे १९९३ च्या सीजीआयची जशीच्या तशी आहेत. दर विनंतीस नवा प्रोग्राम सुरू करण्याची पद्धत गेली. तिचे शब्द राहिले. गावाच्या नावात एखादा लुप्त शब्द टिकून राहावा, तसा हा प्रकार आहे. नावांबरोबर जुन्या मर्यादाही आल्या. ‘पाथ इन्फो’मधील मजकूर शतमान-लेखन उकलूनच हाती येतो, ‘क्वेरी स्ट्रिंग’मधील मात्र न उकललेला. एकाच शब्दास दोन दारांनी दोन वेषांत का यावे लागते, याचे उत्तर जँगोच्या मार्गदर्शिकेत शोधण्यात अर्थ नाही. ते सीजीआयच्या संकेतात आहे.

आणखी एक चमत्कारिक थर २०१० मध्ये बसला. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने मजकूर आणि बाइट यांची पक्की फारकत केली. कोशातील मजूकर मात्र मजकूर म्हणूनच द्यावयाचा, असे सुधारलेल्या संकेताने ठरविले; आणि बाइटांचा मजकूर करताना ते लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय लिपिसंचातील आहेत असे धरावयाचे, अशी तडजोड केली. त्या संचात २५६ बाइटांपैकी प्रत्येकास एक चिन्ह मिळत असल्याने काही हरवत नाही, हे तीमागील शहाणपण. परिणामी फ्रेमवर्कच्या उंबरठ्यावर ‘नेरळ’ हा शब्द बारा निरर्थक युरोपीय चिन्हांच्या रूपाने उभा असतो. जँगो तो मजकूर पुन्हा लॅटिन-१ च्या बाइटांत मोडते, ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचते, आणि मग कोठे नेरळचे नेरळ होते. वापरणाऱ्यास यातील काहीच दिसत नाही. पण मधल्या एखाद्या साधनाने हा कोश थेट वाचला की पडद्यावर जी अगम्य अक्षरे उमटतात, त्यांचे मूळ येथे असते.

पुढील मार्गनिश्चितीचे काम सरळ आहे. पत्त्यांचे नमुने क्रमाने ताडून पाहावयाचे, आणि पहिला जुळेल त्याच्याशी बांधलेले फंक्शन चालवावयाचे. त्यावर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. खरी हानी होते ती निराळ्या ठिकाणी.

जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांस खुले झाले. लेखाच्या शीर्षकावरून पत्त्यात वापरण्याजोगे सुटसुटीत रूप करण्याचे एक फंक्शन त्यात आहे. त्या रूपास ‘स्लग’ म्हणतात. हा वृत्तपत्रांच्या धंद्यातील शब्द. बातमीच्या ओळखखुणेस तो लावीत, आणि शिशाच्या ओतीव ओळीचेही तेच नाव. इंग्रजी शीर्षकांवर काम करणाऱ्या कचेरीस रोमन अक्षरे तेवढी ठेवून बाकी गाळणे स्वाभाविक वाटले असणार. त्या नियमाने ‘नेरळ’चे रूप होते शून्य : एकही अक्षर उरत नाही. डिसेंबर २०१५ मधील १.९ आवृत्तीत इतर लिप्या राखण्याचा पर्याय आला. मराठीची अडचण सरली, असे कोणासही वाटावे. पण तो पर्याय वापरल्यावर ‘नेरळ’चे ‘नरळ’ झाले आणि ‘माथेरान’चे ‘मथरन’.

कारण दोन थर खाली आहे. कोणते चिन्ह शब्दाचा भाग मानावयाचे, हे जँगो ठरवीत नाही. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनचा विभाग ठरवितो, आणि त्याच्या लेखी शब्दात येतात ती अक्षरे, अंक व अधोरेखा. युनिकोडमध्ये मात्रा ‘अक्षर’ या वर्गात नसून ‘चिन्ह’ या वर्गात असल्याने ती गळते. अनुस्वार आणि हलन्तही गळतात. युनिकोडच्या स्वतःच्या अठराव्या तांत्रिक प्रमाणात मात्रांची चिन्हे शब्दाचा भाग म्हणून धरली आहेत, तेव्हा हा दोष लिपीचा नव्हे. परिणाम पाहा : ‘काळ’, ‘केळे’ आणि ‘कोळी’ या तिन्ही शब्दांचे एकच रूप होते, ‘कळ’. जेथे असे रूप अनन्य असावे अशी अट आहे, तेथे दुसरी नोंद नाकारली जाईल, आणि नोंदकारास कारण कळणार नाही. गमतीची गोष्ट अशी की, रेल्वेच्या कारभारात नेरळचा संकेत एन-आर-एल असा, म्हणजे स्वर गाळलेलाच आहे. पण तो माणसाने जाणून केलेला संक्षेप आहे, आणि दुसऱ्या स्थानकास तो मिळत नाही.

संग्रहाच्या थरातही जुन्या गृहीतांचे अवशेष आहेत. मायएसक्यूएल या स्वीडनमधून आलेल्या संग्रहप्रणालीचा पूर्वनियोजित लिपिसंच दीर्घकाळ लॅटिन-१ होता आणि वर्णानुक्रम स्वीडिश. २०१८ च्या ८.० आवृत्तीत हे बदलले. तोपर्यंत लक्ष न घालता उभारलेल्या संग्रहात ‘नेरळ’ हा शब्द बारा चिन्हांचा म्हणून राही, परत मागविला असता पडद्यावर शुद्धही दिसे, आणि गावांची यादी मात्र बाराखडीच्या क्रमाने लागण्याची हमी नसे. त्याही आधी अनेक मराठी संकेतस्थळांनी विशिष्ट फाँटवर अवलंबून मजकूर साठविला. तेथे मूळ नोंद रोमन चिन्हांचीच असून देवनागरी केवळ फाँटच्या कृपेने दिसे. फाँट गेला की लेख गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी जालीय लेखनाचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्यास मोडीच्या वाचनाइतकीच या फाँट-संकेतांच्या वाचनाची तयारी ठेवावी लागेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने हे थर स्वतः पाहणे कठीण नाही. पायथनच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, डब्ल्यूएसजीआयचा एक लहानसा सर्व्हर भाषेबरोबरच मिळतो. फ्रेमवर्कशिवाय, दहाबारा ओळींचे फंक्शन लिहून तो कोश जसाच्या तसा छापावा, आणि पत्त्यात एकदा ‘नेरळ’, एकदा ‘कर्जत’ लिहून पाहावे. मगच जँगोचा मूळ पाठ वाचावयास घ्यावा.

स्लगच्या प्रश्नावर दोन तोडगे वापरात आहेत. एक, मात्रा राखणारे फंक्शन स्वतः लिहावयाचे. तसे केल्यास पत्ता मराठी राहतो, पण नक्कल करून पाठविला की त्याची छत्तीस चिन्हांची लांबलचक साखळी दिसते. दुसरा, शीर्षकाचे रोमनीकरण करावयाचे. तो बहुतेकांस सोयीचा वाटतो. परंतु नेहमीच्या रोमन लेखनात ‘ळ’ आणि ‘ल’ यांस एकच अक्षर असल्याने, त्या पत्त्यावरून गाव ‘नेरळ’ की ‘नेरल’ हे सांगता येत नाही.